कुटाराचा साहेब

पहिल्याच रविवारी राधिकानं साहेबाला चार वेळा उडवलं.

साहेब म्हणजे मोहनसिंगांच्या जुन्या खाकी गणवेशात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, कोंबून केलेलं बुजगावणं. डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर खडूनं काढलेल्या झुपकेदार मिशा, पायात फाटके बूट. मोहनसिंग चौतीस वर्षं एसटीची गाडी चालवून निवृत्त झाले होते. बिनअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी घरात देवाशेजारी ठेवला होता. एवढ्या वर्षांत आपल्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांची बायको धनीबाई चुलीजवळूनच ओरडून सांगायची, की एक आली होती आणि ती आपल्याच घरची होती.

अनसिंगपासून जवळच त्यांचा तांडा. तांड्याबाहेरच्या मुरमाड पडीक वावरात दर रविवारी सकाळी त्यांची शाळा भरायची. नवंनवं लायसन मिळालेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं तिथं येत. त्यांना मोहनसिंग गाडी चालवायला शिकवत नसत.

"चालवाले कोनीबी शिकवते," ते म्हणायचे. "मी थांबवाले शिकवतो."

टायर फुटलं तर काय करायचं, ब्रेक लागेनासा झाला तर गिअर कसे खाली आणायचे, समोरच्यानं लाइट डोळ्यावर मारला तर नजर कुठं ठेवायची, रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यात उडी मारून आला तर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही. दिवाळीच्या आधी या भागात रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात, त्याचा तर वेगळाच पाठ होता. मोहनसिंग स्वतः पोतंभर दाणे मुरमावर पसरून देत. "हे दाने नाईत, गोट्या हाय गोट्या! ब्रेक दाबाचा त याच्या अगुदर. वर चढल्यावर दाबला, का गेलेच तुमी." हे सगळं शिकवायची फी काही नव्हती. धनीबाईला भाजी आणून दिली की झालं.

साहेबाचा पाठ सगळ्यात सोपा. विद्यार्थ्यानं गाडी जोरात आणायची. मोहनसिंगांनी मध्येच "म्हैस!" म्हणून आरोळी ठोकायची. आरोळी आली की साहेबाला न शिवता गाडी थांबली पाहिजे. शिवम नावाचा पोरगा यात इतका तयार झाला होता की मोहनसिंगांना शिंक आली तरी तो ब्रेक मारायचा.

आणि राधिका? टायर फुटण्याच्या पाठात तिनं स्टिअरिंग असं घट्ट धरलं की मोहनसिंग खूश झाले. बिनब्रेकची गाडी तिनं गिअरवर अशी उतरवली की शिवमनं टाळ्या वाजवल्या. पण "म्हैस!" ऐकलं की तिची गाडी सावकाश, लाडालाडानं, थांबू की नको असा विचार करत पुढं जायची आणि साहेबाच्या पोटात घुसायची. साहेब आडवा व्हायचा, कुटार उधळायचं. मग धनीबाई हातातलं काम टाकून यायची आणि नवऱ्याच्या गणवेशात पुन्हा कुटार भरत बसायची.

"अवो, ह्या पोट्टीले सांगा जरा," ती चौथ्या वेळेला म्हणाली. "मी जिवंत नवऱ्याचंबी एवढं केलं नाई!"

"काहून नाई दाबत पाय?" मोहनसिंग खिडकीशी येऊन ओरडले.

"दाबला न काकाजी."

"दाबला? असा पाय म्हनजे लेकराले थोपटनं झालं!"

राधिका हसली खरी, पण घरी जाताना तिला रडू येत होतं. कारण तिचं या पाठावर सगळं अडलेलं होतं.

तिचे वडील गुलाबराव यांची अनसिंगच्या शिवारात भाजीची बाग होती. टोमॅटो, वांगी, कोबी, मेथी. एकतीस वर्षं ते स्वतः माल आपल्या पिकअप गाडीत भरून वाशीमच्या बाजारात नेत आले. आता त्यांचा डावा गुडघा क्लच दाबायला नकार देऊ लागला होता. गाडी कुणाच्या तरी हातात द्यायची वेळ आली होती, आणि दारात पुतण्या मुकेश टपून उभा होताच. मुकेश एका हातानं गाडी चालवायचा, दुसऱ्या हातात मोबाइल असायचा. तरी तो मुलगा होता, त्यामुळे गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घालून नारळ फोडला तेव्हा राधिकानं सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, चाबी मले काहून नाई?"

चार माणसांत विचारल्यामुळे गुलाबराव अडकले. त्यांची बायको गिरजाबाई मागून म्हणाली, "मोहनसिंगभाऊकडे पाठवा तिले. ते हो म्हनले त हो."

"बरं," गुलाबराव म्हणाले. "मोहनसिंगभाऊनं पास केलं त दिवाळीपासून गाडी तुही. नाई त मुकेशची."

दसरा ते दिवाळी, मध्ये रविवार फक्त तीन. त्यातला पहिला असा साहेबाच्या पोटात गेला.

दुसऱ्या रविवारी मोहनसिंग स्वतः गुलाबरावांच्या गाडीत तिच्या शेजारी बसले. गाडी निघाली. ते पायाकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. "म्हैस!" ते तिच्या कानाशी ओरडले. साहेब नेहमीप्रमाणे आडवा झाला.

"मांगं काय पाह्यलं?" मोहनसिंगांनी विचारलं.

"कुठी काय?"

"आरशात पाह्यलं तू. ब्रेक दाबाच्या अगुदर. चौतीस वर्सं आरसा पाहून राह्यलो मी, मले नको शिकवू."

राधिकानं खूप विचार केला. खरंच पाहिलं होतं. काय पाहिलं, तेही तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान गरम झाले.

"कॅरेट," ती हळूच म्हणाली.

"कोनते कॅरेट? गाडी खाली हाय!"

तिनं वळून पाहिलं. मागचा हौदा रिकामा, त्यात नुसतं ऊन पडलेलं. मोहनसिंग इतके हसले की त्यांना दाराला धरून उतरावं लागलं. तीही हसली, पण तिची नजर हौद्यावरून हलेना.

कारण हे आलं कुठून ते तिला पुरतं माहीत होतं. दहा वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी ती हौद्यात टोमॅटोच्या कॅरेटवर हात ठेवून बसायची आणि बाजारापर्यंत जायची. पुढून बाबांचा आवाज यायचा, "राधे, माल हलला का?" त्यांच्या घरात ब्रेक हा शब्द "हळू" हा शब्द जोडल्याशिवाय कुणी उच्चारत नसे. टोमॅटोला या भागात भेदरं म्हणतात, आणि गुलाबरावांची भेदरं वाशीमच्या बाजारात नावाजलेली होती. चहाच्या टपरीवर बसले की ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "माह्या गाडीतलं एक भेदरं फुटलेलं दाखवा, मिशी काढून देतो." मिशी अर्थातच शाबूत होती. अलीकडे ते त्यात एक वाक्य घालू लागले होते. "माही पोरगीबी तशीच. तिच्या हातानंबी एक भेदरं फुटत नाई." हे ऐकलं की राधिकाला आपण वीतभर उंच झालो असं वाटायचं.

मोहनसिंगांनी हे सगळं ऐकून घेतलं. हसणं थांबवून ते बिडी पेटवायला लागले, मग त्यांनी ती न पेटवताच खिशात घातली.

"पुढच्या रविवारी एक कॅरेट भेदरं घेऊन येजो," ते म्हणाले.

"खराब निघालेले चालन?"

"खराब मालासाठी पाय कायले अडन? विकाचा माल पाह्यजे. एक नंबर."

एक नंबर माल मागायचा कुणाकडे, हा प्रश्नच होता. बाबांना विचारणं म्हणजे परीक्षेआधीच नापास होणं. शनिवारी संध्याकाळी राधिका बागेत आईजवळ जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. गिरजाबाई उठली, वाफ्यातून फिरत एकेक टोमॅटो हातानं निवडत गेली आणि कॅरेट काठोकाठ भरून लेकीसमोर ठेवलं.

"तुह्या बाबाले सांगन मी, माहेरी पाठवले म्हनून."

"माय, फुटतीन हे सारे."

"फुटू दे. भेदरं दर साली येते. मले गाडीतलं लेकरू घरी पाह्यजे."

तिसऱ्या रविवारी कॅरेट हौद्यात ठेवलं गेलं. लालबुंद, टणक, उन्हात चकाकणारे टोमॅटो. राधिकानं ते आरशात पाहिले आणि तिथंच तिचा पाय मऊ झाला. गाडी सुटली. "म्हैस!" साहेब उडाला. या वेळी मडकं सुटून घरंगळत शिवमच्या पायाशी जाऊन थांबलं.

मोहनसिंग हौद्याजवळ गेले, कॅरेट उतरवलं, त्यातले टोमॅटो खालीवर करून पाहिले. मग एक हातात घेऊन राधिकासमोर धरला.

"एकबी नाई फुटलं. वा! नखाएवढा ओरखडा नाई. आता एक काम कर. थ्या साहेबाची बायको उभी हाय तिकडे. तिले जाऊन सांग, भेदरं शाबूत हाय म्हनून."

धनीबाई खरंच उभी होती. काखेत कुटाराची टोपली, नजर जमिनीवर पडलेल्या नवऱ्याच्या गणवेशावर. तिला हा कट माहीत नव्हता. तिला आपलं पुन्हा भरणं आलं म्हणून वैताग आला होता, एवढंच.

राधिका टोमॅटो हातात घेऊन निघाली. चाळीस पावलं असतील. निघाली तेव्हा तिला ही गंमतच वाटत होती. मधे साहेब पडलेला होता, खाकी बाही कोपरातून उलटी वळलेली, एक बूट निघून बाजूला गेलेला. त्याला वळसा घालून ती धनीबाईसमोर येऊन थांबली. धनीबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि ती विचारत होती, "काय वं, काय झालं?"

राधिकाच्या तोंडून शब्द फुटेना. काकू, भेदरं शाबूत हाय. एवढंच तर म्हणायचं होतं. तिनं टोमॅटो धनीबाईच्या टोपलीत ठेवला, तशीच मागं फिरली, पळत जाऊन गाडीत बसली.

"काकाजी, साहेबाले उभं करा," ती म्हणाली.

शिवमनं साहेबाला उभं केलं, मडकं बसवलं, कॅरेट परत हौद्यात ठेवलं. गाडी निघाली, वेग आला. "म्हैस!" राधिकाचा पाय असा खाली गेला की गाडीनं नाक टेकल्यासारखं केलं. मागं कॅरेट उडालं, धाडकन केबिनवर आपटलं, टोमॅटो काचेवर फुटले, काही केबिनवरून उड्या मारत बॉनेटवर आले. धुरळा खाली बसला तेव्हा साहेब जागच्या जागी उभा होता. त्याच्या मिशांवर लाल रस उडाला होता.

पहिल्यांदा ओरडली धनीबाई. "वाचला बाप्पा! वाचला माहा नवरा!" मग शिवम ओरडला. राधिका स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

फुटलेले टोमॅटो वाया जाऊ देणारी धनीबाई नव्हती. चुलीवर मोठा टोप चढला, लसूण-मिरची पडली आणि सगळ्या तांड्यानं ज्वारीच्या भाकरीबरोबर चटणी खाल्ली. सगळ्यात जास्त शिवमनं खाल्ली. मोहनसिंगांनी घास घेता घेता राधिकाला सांगितलं, "तू पास. बाबाले सांग, मोहनसिंग हो म्हनला."

पण बाबांना सांगायच्या आधीच बाबांना कळलं. हौदा धुऊन आणला होता तरी फटीत एक टोमॅटो चेंगरून बसला होता, आणि एकतीस वर्षं हौद्यात चेंगरलेला टोमॅटो न पाहिलेल्या माणसाला तो दिसल्यावाचून कसा राहील? गुलाबरावांनी तो बोटानं उकरून काढला. लेकीनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"भेदरं फोडाची शिकवनी?" ते कडाडले. "मी तुले माल सांभाळाले शिकवलं आन थो मोहनसिंग फोडाले शिकवते? हे कोनतं शिकनं?"

"त्यायनं पास केलं मले, बाबा."

"थ्यानं केलं असन! मी नाई केलं!" मग जरा वेळानं, गिरजाबाईच्या नजरेला नजर न देता, ते म्हणाले, "मंगळवारी बाजार हाय. तू चालव, मी बाजूले बसतो. एक जरी कॅरेट फुटलं, त चाबी मुकेशले."

मंगळवारी उजाडताच गाडी निघाली. हौद्यात तीन थर कॅरेट. वरून दोरी गुलाबरावांनी स्वतः बांधली होती, आणि ती नेहमीसारखी सैल, कारण घट्ट बांधली की वरचा माल दबतो. राधिका सुरेख चालवत होती. खड्डा आला की वेग आपोआप कमी व्हायचा, गतिरोधकावरून गाडी अलगद उतरायची. गुलाबरावांनी सुरुवातीला तीनदा मागं वळून पाहिलं, मग वळायचं सोडून दिलं. अर्धी वाट सरली तेव्हा ते चक्क गुणगुणत होते. राधिकालाही वाटलं, चाबी आली हातात.

पुढं एक मोटारसायकल चालली होती. नवरा चालवत होता, बायको मागं एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर पिशवी. त्यांच्याही पुढं रस्त्याचा अर्धा भाग पिवळट दिसत होता. कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेला दगड मांडून. समोरून ट्रक येत होता म्हणून मोटारसायकलवाल्यानं गाडी दाण्यांवरून घातली आणि दाण्यांवर आल्यावर तो घाबरला. त्यानं ब्रेक दाबला. मागचं चाक बाजूला सरकलं, मोटारसायकल एकीकडे, नवरा दुसरीकडे, आणि बायको रस्त्याच्या मधोमध बसलेली.

या वेळी म्हैस म्हणून कुणी ओरडलं नाही. ओरडले ते गुलाबराव, आणि त्यांच्या तोंडून जे एकतीस वर्षं निघत आलं तेच निघालं. "हळू! माल!"

राधिकाची नजर आरशाकडे गेली नाही. तिला समोर फक्त ती बाई दिसत होती, निळं पातळ आणि वर आलेला हात. पाय पूर्ण खाली गेला. स्टिअरिंग तिनं सरळ धरून ठेवलं. मागं दोरी सुटली, कॅरेटवर कॅरेट आदळलं, टोमॅटो केबिनवरून धबाधबा पुढं आले, काचेवर लाल ओघळ उतरला. गाडी चिरकली, हादरली आणि थांबली.

गाडी सोयाबीनच्या काठाशी उभी होती, दाण्यांवर चढलेली नव्हती. समोरची बाई तशीच बसलेली होती. एक टोमॅटो घरंगळत तिच्या मांडीवर जाऊन थांबला. तिनं तो उचलला, पाहिला आणि विचारलं, "माही चप्पल कुठी गेली?"

राधिका धावत उतरली. बाईचं नाव ललिताबाई होतं, भावाकडे दिवाळीला निघाली होती, कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. नवरा लंगडत आला आणि आधी मोटारसायकल उचलायला गेला, म्हणून ललिताबाईनं त्याला अशा काही शिव्या दिल्या की ती अगदी ठणठणीत आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. राधिकानं तिला पाणी पाजलं, चप्पल शोधून दिली. आणि मग तिला बाबांची आठवण झाली.

गुलाबराव मागं हौद्याकडे गेले नव्हते. ते गाडीच्या पुढच्या बंपरजवळ होते. दुखऱ्या गुडघ्यावर कसेबसे खाली बसले होते आणि बंपरपासून ललिताबाई बसली होती त्या जागेपर्यंत हाताची वीत मांडत होते. एक. दोन. तीन. तिसरी वीत मांडून त्यांचा हात तिथंच राहिला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तितकंच भरलं.

"बाबा," राधिका म्हणाली, "माल..."

ते उठले. तोंड पांढरं पडलं होतं. "चाल," एवढंच म्हणाले.

उरलेला रस्ताभर ते आपल्याच मांडीवर वीत मांडत राहिले. मागून रस गळत होता, माश्या घोंगावत होत्या. राधिका गाडी चालवत होती आणि मनातल्या मनात चाबी मुकेशच्या हातात देत होती. पण तिला वाईट वाटत होतं ते चाबीचं. पायाचं वाटत नव्हतं. पुन्हा तीच वेळ आली तर पाय पुन्हा तिथंच जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं.

बाजारात माल उतरवताना अडते मदनसिंग हौद्याकडे बघतच राहिले. गुलाबरावांची गाडी, आणि ही दशा? आजूबाजूला माणसं जमली. कुणीतरी हसून म्हणालं, "गुलाबराव, मिशीचं काय आता?"

राधिकानं मान खाली घातली. गुलाबराव तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"माह्या पोरीनं फोडले," ते म्हणाले. आवाज चढत गेला. "सात कॅरेट! एका झटक्यात! हाय कोनाची पोरगी अशी? दाखवा!"

लोकांना काही समजलं नाही. त्यांनीही समजावून सांगितलं नाही. ते तिथून निघाले ते थेट समोरच्या सलूनमध्ये जाऊन बसले. परत आले तेव्हा त्यांच्या ओठावर मिशी नव्हती. सबंध बाजार हसला. राधिकानंही हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली, पण गुलाबराव काही हसले नाहीत.

चाबीचा मात्र विषय निघाला नाही. घरी आल्यावर त्यांनी ती खिशात घातली. शुक्रवारी मुकेश विचारायला आला, तेव्हा गुलाबराव त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघत म्हणाले, "रविवारी पाहू." राधिकाचा जीव टांगणीला लागला. गिरजाबाईनं विचारलं तर तिलाही तेच, रविवारी पाहू.

रविवारी सकाळी गुलाबरावांनी स्वतः एक कॅरेट भरलं. एक नंबर माल. ते गाडीत ठेवलं आणि राधिकाला म्हणाले, "चाल मोहनसिंगभाऊकडे."

मोहनसिंग त्यांना पाहून सावध उभे राहिले. भांडायला आले असतील असं वाटणं साहजिक होतं. शिवाय बिनमिशीच्या गुलाबरावांना ओळखायला दोन क्षण गेले.

"भाऊ," गुलाबराव म्हणाले, "मंगळवारी गाडी माह्या हाती असती, त थे बाई..." ते मुरमाकडे बघत राहिले. "एकतीस वर्सं गाडी चालवली. एकदाबी जोरात पाय नाई दाबला मी. हुशारी समजत होतो. कोनी आडवं आलं नाई, एवढंच. भाऊ, मले भेव वाटून राह्यलं आता मांगचं आठवून."

मोहनसिंगांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा गाडीत," ते म्हणाले. "इथं उशीर झाला म्हनून कोनाले परत पाठवत नाई मी."

"बाबा, गुडघा?" राधिकानं विचारलं.

"पाच मिनिटं सहन करीन गुडघा."

गुलाबराव स्टिअरिंगवर बसले. राधिका मोहनसिंगांच्या शेजारी उभी राहिली. साहेब समोर होता, दिवाळीसाठी धनीबाईनं त्याच्या मिशा नव्यानं रंगवल्या होत्या. गाडी निघाली, धुरळा उडाला, वेग आला.

"म्हैस!" या वेळी आरोळी राधिकानं ठोकली.

लांबूनसुद्धा तिला दिसलं, बाबांची मान वर झाली, डोळे आरशाकडे गेले. गाडी सावकाश, लाडालाडानं पुढं गेली. साहेब हवेत उडाला, मडकं फुटलं आणि त्या मिशांचे दोन तुकडे दोन दिशांना गेले.

मोहनसिंगांनी तोंड उघडलं, पण राधिका पुढं झाली. ती हौद्यावर चढली, कॅरेटमधला एक टोमॅटो उचलला, बाबांच्या खिडकीशी आली आणि त्यांच्या हातात ठेवला.

"एकबी नाई फुटलं, बाबा," ती म्हणाली. "आता जा. काकू उभ्या हाय तिकडे. त्यायले सांगून या, भेदरं शाबूत हाय म्हनून."

गुलाबरावांनी टोमॅटोकडे पाहिलं, मग मातीत पडलेल्या खाकी गणवेशाकडे, मग काखेत टोपली घेऊन उभ्या असलेल्या धनीबाईकडे. ते उतरले. लंगडत थोडी पावलं चालून गेले, साहेबापाशी थांबले आणि तिथून पुढं त्यांना जाववेना. खूप वेळ ते तिथंच पाठमोरे उभे राहिले. राधिकानं त्यांना हाक मारली नाही.

परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी गाडीतून चाबी काढली, लेकीचा हात धरून तिच्या तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"तुही हाय," ते म्हणाले. "आता फक्त थोडा वेळ उसनी दे मले. अजून एकदा."

राधिकानं चाबी परत दिली. शिवम नवं मडकं आणायला पळाला, धनीबाई कपाळावर हात मारत कुटार भरायला बसली, आणि गुलाबराव पुन्हा गाडीत जाऊन बसले. बसल्यावर आधी त्यांनी हात वर करून समोरचा आरसा आभाळाकडे फिरवून टाकला.

"आरसा सरळ करा, बाबा," राधिका ओरडली. "मांगच्या गाड्या पाहाले आरसा पाह्यजेच. नजर बदलाची हाय."

त्यांनी मुकाट्यानं आरसा सरळ केला.